बोलतं करणं

इथं कुणी कुणाला बोलतं करत नाही.
लाकडी बाकं समोरासमोर, मध्ये रिकामी जमीन,
ना वेदी, ना क्रूस, ना पाद्री.
आतून शब्द आला तर उठायचं,
नाही आला तर बसून राहायचं.
मागच्या रविवारी तासाभरात
एकटा रेडिएटर बोलला.

मी इथलाच, नॉर्थ कॅरोलायनाचा.
वीस मैलांवर आमची तंबाखूची कोठारं होती.
बंदूक न धरणारी ही क्वेकर माणसं
बापाला भित्री वाटायची, म्हणून मलाही.

बोलतं करणं हे माझं काम होतं.
अंगाला हात लावायचा नाही असा नियम,
आणि मी नियम पाळणारा.
फक्त उभं ठेवायचं.
फक्त झोपू द्यायचं नाही.
फक्त एसी पूर्ण सोडायचा, कपडे काढून घ्यायचे.
त्या कंटेनरमध्ये ‘फक्त’ हा शब्द
मी मिठासारखा वापरला.

चासिब, बसऱ्याकडचा, साठीचा.
पाय सुजून भोपळे झाले होते.
चौथ्या रात्री त्यानं नावं दिली:
बरही. खस्तावी. झहदी. हल्लावी. खद्रावी.
सावकाश, एकेक, जवळजवळ प्रेमानं.
मी ती स्वच्छ अक्षरांत लिहिली,
वेळ घातली, सही केली.
दुभाष्या मान खाली घालून बसला होता.
मला वाटलं, पेंगतोय.

सात आठवडे आम्ही त्या पाच जणांच्या मागावर.
दारं फोडली. पिठाचे डबे उलटे केले.
खद्रावीशी जुळेल अशा नावाचा
एक शाळामास्तर उचलून आणला,
त्यालाही उभं केलं.
त्या पाळीला मी नव्हतो,
असं मी खूप वर्षं सांगत आलो.

मग ग्रीन्सबरोच्या एका दुकानात,
बायको पलीकडे दही शोधत असताना,
फळीवर एक पुठ्ठ्याचं खोकं: बरही.
त्याखाली दुसरं: खद्रावी.
खजूर.
चार रात्री उभा राहून माणूस
आपली झाडं मोजत होता.
द्यायला त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच.
आणि दुभाष्या पेंगत नव्हता.

ऑर्फा हिनशॉ, वय सत्त्याऐंशी.
तिला मी गाडीतळावर गाठून, रागानंच, विचारलं:
समज, बॉम्ब आहे, घड्याळ चालू आहे,
तुझी नात त्या इमारतीत आहे
आणि माणूस माझ्या ताब्यात. मग?
ती बराच वेळ पर्समध्ये किल्ल्या शोधत राहिली.
म्हणाली, नातीसाठी मी काय करीन, माहीत नाही.
कदाचित तुझ्याहून वाईट.
पण केलंच तर पाप म्हणून करीन.
त्याचं खातं उघडणार नाही, पगार घेणार नाही,
पुढच्या पोराला शिकवणार नाही.
मग किल्ली सापडली.
म्हणाली, तुमच्या त्या खोलीत होतं का रे असलं घड्याळ?
आणि उत्तरासाठी थांबलीच नाही.
गाडी मागे घेताना
कुंपणाला जरा घासली तिनं.

असले प्रश्न मला कधी शिकवले नव्हते.
विचारून सोडून द्यायचे.
ते आठवडाभर बरोबर येतात,
ट्रकमध्ये, मोरीत, अंथरुणात.

आज चाळिसाव्या मिनिटाला मी उठलो.
खरं तर पाय उठले, मी मागून.
तोंड उघडलं. पाच नावं
ओळीनं जिभेपर्यंत आली
आणि तिथंच थांबली.
कुणी म्हणालं नाही, बोल.
कुणी म्हणालं नाही, बस.
मी उभा. गुडघे थरथरत होते.
किती वेळ, ते या खेपेला
कुणी लिहून घेतलं नाही.

मग ऑर्फानं बाकावरची आपली शाल
जरा आत ओढून जागा केली.
मी बसलो.

चासिबला शेवटी
बस असं कुणी सांगितलं,
आठवत नाही.